जुनी सिंगल माल्ट चाखताना घाई नको

पंचवीस-तीस वर्षांची सिंगल माल्ट स्कॉच (म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीची केलेली व्हिस्की) हाती लागली, कुणी बाहेरून आणली म्हणा किंवा चौघांनी काँट्री काढून घेतली म्हणा, तर ती जेवणानंतर मटणाच्या ढेकरा देत उघडू नका. संध्याकाळी सहा-सातला बसा, घरात फोडणी नको, उदबत्ती नको, आणि डिओ मारून आलेल्या मित्राला सरळ गॅलरीत बसवा. चकली, भडंग सगळं नंतर.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, ग्लेनकेर्न (व्हिस्की चाखायचा खास ग्लास) असेल तर उत्तमच, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास चालतो. बाटली फार जुनी असेल तर कॉर्क मधेच तुटतं, हळूहळू फिरवत काढा, तुकडे पडलेच तर कॉफी फिल्टरमधून गाळा. चहाच्या गाळणीला हात लावू नका, तिचा वास जन्मात जात नाही.

पंधरा-वीस एमएल ओता आणि ग्लास तसाच ठेवा, दहा मिनिटं तरी. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाक आत खुपसायचं नाही. आधी लाकूड, मेण, जुनं चामडं असं काहीतरी येतं आणि मग बऱ्याच वेळाने पिकलेलं फळ, आणि त्या फळासाठीच तर एवढे पैसे मोजलेले असतात. घोट अगदी छोटा, जिभेवर घोळवून मग गिळा.

पाण्याचं मात्र जपून. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की ज्या लाकडी पिंपात मुरते त्यातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, त्यात अल्कोहोलही उतरत जातं, त्यामुळे फार जुन्या माल्ट कधीकधी ४० टक्क्यांच्या जवळ आलेल्या असतात (त्याखाली गेलं की कायद्याने स्कॉच म्हणताच येत नाही). म्हणून आधी नुसती चाखा, मग चमच्याने दोन थेंब, तेही बाटलीबंद पाण्याचे, कारण आपल्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतो. बर्फ नाहीच.

आणि आकड्याला भुलू नका हो. लाकडात जास्त राहिली की काही व्हिस्क्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारख्या तुरट लागतात, चाळीस वर्षांच्या असल्या तरी. लेबलवरचं वय हे आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं आणि पिंपातलंच धरतात, काकांच्या कपाटात वीस वर्षं पडलेली बारा वर्षांची बाटली बाराचीच राहते. शक्य असेल तर तशी एखादी बारावाली आधी चाखा, फरक लगेच कळतो.

उरलेली बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की कॉर्क खराब होतं. अंधारात ठेवा, पुण्याच्या मे महिन्यात तर माळ्यावर अजिबात नको, आणि निम्म्याखाली गेली की छोट्या बाटलीत भरा नाहीतर पुढच्या दोन-तीन महिन्यांत संपवून टाका.