फ्रान्सहून अमेरिकेत आलेल्या पणजीचं मूळ गाव कसं शोधावं

घरातले जुने कागद, फोटोंच्या मागचा मजकूर, थोरामोठ्यांच्या आठवणी हे सगळं तुम्ही जमवलं असेलच. त्यातून तिचं माहेरचं आडनाव काढा. फ्रान्सच्या दप्तरांत बाईची नोंद जन्मभर माहेरच्याच आडनावाने होते.

गाव हाती लागेपर्यंत मात्र फ्रान्सच्या वेबसाइट उघडू नका. "आडनाव टाका, सापडेल" हा सल्ला अगदी कुचकामी आहे. तिथे जन्ममृत्यूच्या वह्या गावागावाच्या असतात आणि त्या काळची साऱ्या देशाची एकच सूची नाही. गाव अमेरिकेतल्या कागदांतच शोधावं लागतं, आणि खरी दमछाक इथेच होते.

जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं 'फ्रान्स' लिहिलेलं असतं. घरचे 'पॅरिस' सांगतात, त्यावर विसंबू नका. भोरचा माणूसही परदेशात पुण्याचाच होतो. खरंच पॅरिस असेल तर वेगळी अडचण: तिथल्या 1860 पूर्वीच्या नोंदी मे 1871 मध्ये जळाल्या, त्यातल्या साधारण एक तृतीयांशच पुन्हा उभ्या करता आल्या.

नागरिकत्वाची तिची फाईल मागवा, असं हमखास सांगतात. लग्न झालेली बाई सप्टेंबर 1922 पर्यंत नवऱ्याबरोबर आपोआप अमेरिकन होत असे, त्यामुळे तिची वेगळी फाईल बहुधा नसतेच. नवऱ्याचा अर्ज काढा. 27 सप्टेंबर 1906 पासूनच्या छापील अर्जात बायकोचं नाव आणि जन्मस्थान विचारलेलं असे. त्याआधीच्या अर्जांवर फार वेळ घालवू नका.

ती 1907 नंतर आली असेल तर जहाजाची प्रवासी यादी म्हणजे घबाड आहे. पण ही यादी दोन पानांवर पसरलेली असते. डाव्या पानावर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचा पत्ता असतो, जन्माचं गाव उजव्या पानाच्या अगदी शेवटच्या रकान्यात. डावं पान उतरवून थांबणारे मी कितीतरी पाहिले आहेत. पुढचं पान उघडाच! ती आधीची असेल तर चर्चमधली लग्नाची नोंद आणि तिच्या भावंडांचे कागद काढा. भावाच्या मृत्युलेखात गाव असतं आणि तिच्या कागदांत नसतं, असं वारंवार होतं.

स्पेलिंगला चिकटून बसू नका. 'रनो' हे आडनाव कुणी शेवटी 'डी' लावून लिहितं, कुणी 'एलटी', कुणी मध्ये 'जी' घालतं, उच्चार तोच. अमेरिकन कारकुनाने तर कानावर पडलं तसं उतरवलं. आणि जन्मस्थान 'जर्मनी' दिसलं म्हणून तो कागद बाजूला टाकू नका. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचा अल्सेस प्रांत 1871 ते 1918 जर्मनीकडे होता.

गाव मिळालं की त्याचा जिल्हाही, म्हणजे तिथला 'देपार्तमाँ', पक्का करा. सां-मार्तँ नावाची गावं ढीगभर आहेत. मग त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या वेबसाइटवर दर दहा वर्षांच्या नोंदींची जी नावांची सूची असते तिच्यात नाव शोधा आणि त्या तारखेची वही उघडा. बहुतेक ठिकाणी हे फुकट आहे. 75 वर्षांच्या आतले जन्म आणि लग्नं खुली नसतात. जन्मनोंदीचा समास वाचाच. 1897 पासून लग्नाची तारीख आणि ठिकाण तिथे टिपू लागले.

तिथून मागे जाताना आईवडिलांच्या लग्नाची नोंद आधी काढा. तिच्यात वधूवरांची जन्मगावं आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं एकत्र मिळतात. 1792 च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या सुरू होतात.