डिमेन्शिया असलेलं माणूस अचानक चिडायला, मारायला लागलं तर कारण कसं शोधायचं

"आजार वाढलाय, आता असंच चालायचं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं फिरतं. आधी सासरे, मग आई, अधेमधे मावशी, तिघांचं केलंय. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सहसा महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. सोमवारपर्यंत शांत असलेलं माणूस गुरुवारी अंगावर धावून आलं तर मधल्या तीन दिवसांत काहीतरी घडलंय, आणि ते शोधायचं असतं. स्वभावाला पण दोष देऊ नका, ज्यांच्या नावाने अल्झायमर हा आजार ओळखला जातो त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ साली तपासलेल्या ऑगस्ट डेटर ह्या बाईंची सुरुवातच नवऱ्यावर संशय घेण्यापासून झाली होती, म्हणजे हे आजाराइतकंच जुनं आहे.

१. आधी डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या कुठल्या दुखण्याने किंवा औषधाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, नाही ना ते बघा. बदल काही तासांत किंवा एकदोन दिवसांत झाला, मधेच बरं मधेच बरळणं, लक्षच लागत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसतं गुंगून पडून राहणं पण डिलिरियम असू शकतं, "आज किती शांत आहेत" म्हणून खुश होऊ नका.

२. वही ठेवा. काय केलं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, नंतर कशाने थांबलं. "मुद्दाम त्रास देतात" असलं काही लिहायचं नाही, फक्त दिसलं ते. चारपाच दिवस पुरतात.

३. शरीर तपासा. इथे मी एक अख्खा महिना घालवलाय म्हणून सविस्तर सांगते.

आई अंघोळीला नेलं की हात उगारायची. मी पाणी कोमट करून बघितलं, वेळ बदलली, गाणी लावली, शेवटी रडून बघितलं. रोज विचारायचे "दुखतंय का कुठे?", ती म्हणायची "नाही". डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली तर ती दिवसभर पेंगायला लागली आणि अंघोळीला मारायची ती मारायचीच. मग एक दिवस वही वाचताना दिसलं की अंग पुसताना ती काही करत नाही, गाऊन डोक्यावरून काढतानाच करते. उजवा हात वर गेला की श्वास रोखून धरायची, भुवया आवळायची. खांदा आखडलेला होता. बस्स. डॉक्टरांना विचारून अंघोळीच्या तासभर आधी पॅरासिटामॉल सुरू केलं, पुढून उघडणारे गाऊन आणले, आणि आठवड्याभरात मारणं बंद.

तर माझं ठाम मत आहे की "दुखतंय का" ला आलेल्या "नाही" वर अजिबात विश्वास ठेवू नका. प्रश्न समजायला, कळ कुठून येते ते ओळखायला आणि ते शब्दात सांगायला जो मेंदू लागतो तोच तर बिघडलेला असतो. विचारू नका, बघा. पेनॅड नावाची दुखणं मोजायची एक मोजपट्टी २००३ पासून वापरात आहे, ती पाचच गोष्टी बघते: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर माणूस निवतं का. आणि हे बघायचं ते हालचाल चालू असताना, म्हणजे उठवताना, कूस बदलताना, कपडे घालताना. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघून "काही दुखत नाहीये" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मी पण तेच करत होते. नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या ३५२ जणांवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये छापून आला, त्यात फक्त दुखण्यावर पायरीपायरीने औषध दिलं, बऱ्याच जणांना नुसतं पॅरासिटामॉलच, आणि आठ आठवड्यांत चिडका अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी उतरला.

बाकीचं शरीर डोक्यापासून पायापर्यंत: चष्मा पुसलाय का, कानात मळ, मशीनची बॅटरी (ऐकू आलं नाही की सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटतं, निम्मे संशय इथून येतात असं मला वाटतं), कवळीखाली जखम, पोट किती दिवस साफ नाही, पाणी किती पोटात जातंय, पायाची नखं. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये ह्या वयात ताप येईलच असं नाही. पण उलटही लक्षात ठेवा, वयस्कर लोकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, रिपोर्ट हातात आला म्हणून शोध थांबवू नका.

४. गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करा. सगळी, दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीसकट. त्यातलं क्लोरफेनिरामिन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, ॲमिट्रिप्टिलिन ह्यांनी गोंधळ वाढतो. स्टेरॉइडने माणूस बिथरू शकतं. खुद्द डिमेन्शियासाठी दिलेल्या डोनेपेझिलने काहींना रात्री भयंकर स्वप्नं पडतात, डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगू शकतात.

५. खोली. टीव्ही बंद, संध्याकाळ व्हायच्या आत लाइट लावा, वेळापत्रक तेच ठेवा, दिवसा काहीतरी हाताला काम.

६. आणि तुम्ही. हे कुणाला आवडत नाही ऐकायला. सांभाळणारा न झोपलेला, भरभर बोलणारा, "आत्ताच सांगितलं ना" म्हणणारा असेल तर त्याचाही भडका उडवण्यात हात असतो. माझा होता. वहीत बघा, रागाचे दिवस आणि तुमच्या जागरणाचे दिवस सारखे निघतात का.

७. शांत करणाऱ्या गोळ्या पहिल्याच भेटीत मागू नका. डिमेन्शियाच्या वयस्कर रुग्णांत ह्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने २००५ मध्येच दिलाय. डिमेन्शियाचा लुई बॉडी नावाचा प्रकार असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या गोळीने माणूस एकदम ताठ होऊन अंथरुणाला खिळू शकतं, त्यामुळे प्रकार कोणता ते डॉक्टरांना आधी विचाराच. कुणाच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टर देतात आणि द्यावीच लागते, पण मग किती दिवसांनी कमी करायची ते तिथेच विचारून घ्या. आधीपासून चालू असेल तर हे वाचून मनाने बंद करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मी खांद्याची गोळी आणि नवीन गाऊन एकाच दिवशी सुरू केलं, त्यामुळे दोन्हीतलं नक्की कशाने थांबलं ते मला आजपर्यंत सांगता येत नाही.