ग्रामसभेत तीन मिनिटं: बोललेलं प्रोसिडिंगमध्ये कसं आणायचं

ग्रामसभेत माणूस दहा मिनिटं तावातावाने बोलतो, लोक माना डोलावतात, आणि इतिवृत्तात, म्हणजे प्रोसिडिंगमध्ये, येतं, ‘गटारीच्या विषयावर चर्चा झाली.’ चर्चेवर काम निघत नाही, ठरावावर निघतं. म्हणून भाषणाची तयारी शेवटाकडून करायची: आधी ठराव लिहायचा, मग तो पटवणारं बोलणं.

‘गटारीकडे लक्ष द्यावे’ हा ठराव नव्हे. असं लिहा: ‘वॉर्ड क्र. 3 मध्ये मारुती मंदिर ते पाण्याची टाकी, अंदाजे 120 मीटर, बंदिस्त गटाराचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात घ्यावे.’ जागा, माप, काम, कुठे घ्यायचं, सगळं एका वाक्यात. माप स्वतः टेप लावून घ्या; पावलांनी मोजलेल्या आकड्यावर पहिला आक्षेप येतो आणि मूळ विषय बाजूला राहतो.

सभेची सूचना सात दिवस आधी निघते. तुमचा अर्ज त्याआधी पंचायतीत द्या आणि पोच घ्या, म्हणजे विषय पत्रिकेवर यावा म्हणून आग्रह धरता येतो. नाही आला, तर उरतात ‘ऐनवेळचे विषय’. ते अध्यक्षांच्या परवानगीने आणि शेवटी येतात, तोवर निम्मी माणसं चहाला गेलेली असतात. विषय पाण्याचा असेल तर तो ग्रामसभेआधीच्या महिलासभेत मंजूर करून आणा. तिथला ठराव हातात असला की ‘हे तुमचं एकट्याचं म्हणणं’ असं कुणी म्हणू शकत नाही.

आता बोलणं. तीन मिनिटं म्हणजे साधारण 300 शब्द, त्याहून जास्त नको. ‘व्यासपीठावरील सन्माननीय’पासून सुरुवात केली तर त्यातलं एक मिनिट मानपानातच जातं. नाव, वॉर्ड आणि लगेच मागणी. मग पुरावा: किती घरांसमोर पाणी तुंबतं, कोणत्या महिन्यांत, आधीचा अर्ज कोणत्या तारखेचा. दोन-तीन आकडे पुरे. शेवटी ठरावाचं वाक्य कागदावरून जसंच्या तसं, सावकाश वाचा, कारण समोर कुणीतरी ते लिहून घेतंय. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा. तो बंद पडला तर ओरडू नका, उभे राहा, लोक गप्प होतात.

‘मागच्या पाच वर्षांत तुम्ही काय केलं?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तो खरा असला तरी सभा दोन गटांत फाटते आणि गटार राहून जातं. ‘निधी नाही’ असं उत्तर आलं तर वाद न घालता विचारा, ‘कोणत्या लेखाशीर्षात (खर्चाच्या खात्यात) किती शिल्लक आहे?’ आकडा आला की बोलणं पुढे सरकतं. आकडा आला नाही, तर तो पुढच्या सभेत ठेवावा, एवढं तरी नोंदवून घ्या.

नंतर सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) लागतात. अनुमोदक आधीच ठरवा, शक्यतो दुसऱ्या आळीतला, दुसऱ्या गटातला असेल तर उत्तमच. हात वर करून मतं मोजायला लावा आणि पुढचा विषय सुरू व्हायच्या आत म्हणा, ‘ठराव वाचून दाखवा.’ बहुतेक घोळ इथेच सापडतो: ‘घ्यावे’चं ‘घेण्याबाबत विचार व्हावा’ झालेलं असतं.

गणपूर्तीवरही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीवरही, नजर असू द्या: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी तो. सभा तहकूब झाली तर पुढच्या तारखेला नक्की जा. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मोजक्या माणसांत ठराव निघून जातात.

आठवड्याभराने ठरावाची नक्कल मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस.