ब्रेडक्रम्सशिवाय कासुले: खरपूस थर कसा धरावा

राजम्यासारखे पांढरे दाणे आणि मांस मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवून केलेला दक्षिण फ्रान्सचा पदार्थ म्हणजे कासुले. कास्तेलनोदारी, कार्कासोन आणि तुलूझ ही तिन्ही गावं त्यावर हक्क सांगतात. कार्कासोनचेच प्रसिद्ध शेफ प्रोस्पेर मोंतान्ये यांनी ख्रिस्ती त्रैक्याची उपमा देत कास्तेलनोदारीच्या कासुलेला देवपिता, कार्कासोनच्या कासुलेला पुत्र आणि तुलूझच्या कासुलेला पवित्र आत्मा म्हटलं होतं. मी देवपित्याच्या बाजूची. खाली दिलेली पद्धत मुख्यतः कास्तेलनोदारीची आहे: टोमॅटो नाही, वरून ब्रेडक्रम्स नाहीत.

सहा माणसांसाठी 600 ग्रॅम सुके पांढरे दाणे घ्या. तिकडे लँगो किंवा तार्बे जातीचे वापरतात, आपल्याकडे पांढरा राजमा चालतो. बदकाच्या तीन तंगड्या, जाड दळलेल्या पोर्कचे सहा साधे सॉसेज, 300 ग्रॅम पोर्कचा खांदा आणि 300 ग्रॅम पोर्कची कातडी. गोव्याचं चोरीस, म्हणजे तिथलं तिखट-आंबट सॉसेज, यात अजिबात घालू नका. त्यातला व्हिनेगर आणि मिरची बाकी सगळ्यावर मात करते.

दाणे रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा, तेही पाणी फेका. कच्चे दाणे थेट स्लो कुकरमध्ये टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि खाणाऱ्यांची पोटं बिघडतात. प्रेशर कुकरही नको, दाण्यांचं पीठ होतं. बोअरच्या जड पाण्यात दाणे तासन्‌तास टणक राहतात, म्हणून पिण्याचं पाणी वापरा.

तंगड्यांना आदल्या रात्री मीठ, मिरपूड आणि लसूण चोळून ठेवा. सकाळी पुसून बदकाच्याच चरबीत, बुडबुडा जेमतेम येईल एवढ्या आचेवर अडीच-तीन तास ठेवा. चरबी कमी पडली तर पोर्कची चालेल, तूप नको. खांदा आणि सॉसेज त्याच चरबीत लालसर परता.

कातडी, हाडं, कांदा, गाजर आणि लसूण तीन लिटर पाण्यात तासभर उकळून स्टॉक करा. तो गाळून त्यात दाणे मऊ पण अख्खे राहतील असे शिजवा. मीठ आत्ता घालू नका, तंगड्या खारट असतात.

खरी परीक्षा आता सुरू होते. भांड्यावर जो तपकिरी, खरपूस थर धरतो, तोच कासुलेचा जीव. तो जमत नाही म्हणून लोक वरून ब्रेडक्रम्स भुरभुरतात आणि खाली पातळ आमटी राहते. हा थर दाण्यांतला स्टार्च आणि कातडीतलं जिलेटिन मिळून तयार होतो. त्यामुळे भांडं ओव्हनमध्ये जाण्याआधीच निकाल जवळजवळ लागलेला असतो. दोन चमचे स्टॉक वाटीत काढून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. वाटी तिरकी केल्यावर तो थरथरला पाहिजे. वाहिला, तर बाकीचा स्टॉक आटवा. पोर्क खात नसाल तर मटणाचा खांदा आणि बोकडाचे पाय घ्या, सॉसेजही मटणाचे. पायांतून जिलेटिन भरपूर सुटतं, आणि मटण कार्कासोनच्या कासुलेत पूर्वीपासून आहेच.

भांडं रुंद तोंडाचं हवं. कास्तेलनोदारीजवळच्या इसेल गावचं पारंपरिक मातीचं भांडं, कासोल, खाली निमुळतं आणि वर पसरट असतं, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितका थर जास्त. ते नसलं तर ओव्हनमध्ये चालणारं पसरट मातीचं किंवा बिडाचं भांडं घ्या. तळाशी कातडी, मग एक तृतीयांश दाणे, त्यावर मांस, मग उरलेले दाणे. सॉसेज वरून असे खोचा की पाठ दिसत राहील. गरम स्टॉक दाणे जेमतेम बुडतील इतका ओता आणि वर चमचाभर चरबी सोडा.

ओव्हन 150 अंशांवर ठेवा. 180 वर लवकर होईल म्हणणाऱ्यांचा थर करपतो आणि मधले दाणे कोरडे पडतात. ओटीजी असेल तर भांडं खालच्या जाळीवर ठेवून फक्त खालची कॉइल लावा. वरची कॉइल शेवटी लागलीच तर पाच मिनिटं.

पाऊण तासाने पृष्ठभागाची चकाकी जाईल आणि तापल्या दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा दिसेल. पळीच्या पाठीने तो हलकेच खाली दाबा. ढवळू नका, ढवळलं की दाणे फुटतात आणि लगदा होतो. दाबल्यावर कडेने दाट रस वर आला पाहिजे आणि त्याने पापुद्रा भिजला पाहिजे. रस आला नाही तर कडेने चार चमचे स्टॉक सोडा, तोही गरमच. गार स्टॉकने उकळी मरते, शिवाय मातीचं भांडं तडकू शकतं. दर अर्ध्या तासाने हेच करा. प्रत्येक वेळी थर जास्त जाड आणि जास्त काळसर धरतो. परंपरेत तो सात वेळा मोडायचा असतो. आकड्याच्या मागे लागू नका, तीन तासांत चार-पाच वेळा पुरतं. शेवटचा थर मात्र मोडायचा नाही. त्याला 40 मिनिटं द्या आणि तोवर ओव्हनचं दार उघडू नका.

घरी जास्त माणसं जेवायला असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी कडेने थोडा स्टॉक सोडून 150 अंशांवर दीड तास तापवलं की चव आणखी मुरते. भांडं रटरटत असतानाच ताटांच्या मधोमध ठेवा आणि प्रत्येकाच्या वाढपात थराचा तुकडा येईल असं वाढा. पोळी-भात नको, सोबत हिरव्या पानांचं आंबटसर सॅलड आणि पाव पुरे.