टेम्प्टेशन्सची दुर्मिळ आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रणे कशी शोधावीत

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीत १९६० च्या दशकात शुक्रवारी सकाळी गुणवत्ता परीक्षणाची बैठक भरत असे. आठवडाभरात तयार झालेली गाणी कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी आणि त्यांचे सहकारी तेथे ऐकत, आणि त्यांतील मोजकीच तबकडीवर जात. शिवाय एकच गाणे, बरेचदा तेच वाद्यसंगीत कायम ठेवून, दोन-तीन गायकांकडून गाऊन घेण्याची तेथे पद्धत होती. त्यामुळे टेम्प्टेशन्ससारख्या आघाडीच्या गायक-संचाचीही पुष्कळ गाणी पूर्ण होऊनही कपाटातच राहिली. ही गाणी शोधू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम एक फरक मनाशी पक्का करावा: जे कधीच प्रसिद्ध झाले नाही ते अप्रकाशित, आणि जे प्रसिद्ध झाले पण आता सहज मिळत नाही ते दुर्मिळ. या दोहोंचे मार्ग वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास बराच वेळ वाया जातो.

दुर्मिळ गाण्यांसाठी संचाच्या नावांचा इतिहास हाताशी असावा. ओटिस विल्यम्स आणि मेल्विन फ्रँकलिन हे आधी ‘डिस्टंट्स’ या संचात होते, आणि त्या संचाची ‘कम ऑन’ ही तबकडी डेट्रॉइटच्या ‘नॉर्दर्न’ या छोट्या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या छापाखाली, निघाली होती. पॉल विल्यम्स आणि एडी केंड्रिक्स ‘प्राइम्स’ या दुसऱ्या संचातून येऊन त्यांना मिळाले. १९६१ मध्ये टेम्प्टेशन्स म्हणून त्यांचे पहिले गाणे मोटाउनच्याच ‘मिरॅकल’ या अल्पायुषी लेबलवर आले, आणि पुढच्या वर्षी ते ‘गॉर्डी’ लेबलवर गेले. त्याच १९६२ मध्ये ‘माइंड ओव्हर मॅटर’ ही त्यांची तबकडी ‘मेलोडी’ लेबलवर ‘द पायरेट्स’ या नावाने निघाली. संचाचे केवळ प्रसिद्ध नाव टाकून शोध घेतल्यास ही तबकडी सापडेलच असे नाही. म्हणून जुन्या तबकड्यांच्या याद्यांत आणि डिस्कॉग्ससारख्या ऑनलाइन सूचीत ही सर्व नावे आणि ही सर्व लेबले स्वतंत्रपणे शोधावीत.

अप्रकाशित गाण्यांचा शोध कंपनीने स्वतः उशिरा बाहेर काढलेल्या संग्रहांपासून सुरू करावा, कारण ज्याला लोक अप्रकाशित समजतात त्यातील बराच भाग आता रीतसर प्रसिद्ध झालेला आहे. १९९९ मध्ये आलेला ‘लॉस्ट अँड फाउंड: यू हॅव गॉट टू अर्न इट’ हा संग्रह १९६२ ते १९६८ या काळातील साठ्यातून निवडलेला असून सुरुवात करण्यास त्याहून चांगली जागा माझ्या माहितीत नाही. त्यानंतर ‘अ सेलरफुल ऑफ मोटाउन’ ही मालिका आणि वर्षवार निघालेले ‘मोटाउन अनरिलीज्ड’ हे डिजिटल संग्रह पाहावेत. हे वर्षवार संग्रह निघण्यामागे कायद्याचे कारण आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेले, परंतु जे मुद्रण ५० वर्षांत प्रकाशितच झाले नाही त्याला ही वाढ मिळत नाही, आणि म्हणून मुदत संपण्याआधी साठ्यातील गाणी बाहेर काढणे कंपन्यांच्या हिताचे ठरले. असे संग्रह ‘विविध कलाकार’ या नावाखाली नोंदलेले असतात, तेव्हा संचाच्या पानावर ते दिसतीलच असे नाही. संग्रहाचे नाव टाकून शोधणे अधिक खात्रीचे असते.

संचातून बाहेर पडलेल्या गायकांकडेही लक्ष द्यावे. डेव्हिड रफिन यांनी संच सोडल्यानंतर मुद्रित केलेला ‘डेव्हिड’ हा संपूर्ण अल्बम मोटाउनने बाजूला ठेवला होता आणि तो २००४ मध्ये प्रकाशित झाला. टेम्प्टेशन्सच्या चाहत्याने तो ऐकल्याशिवाय राहू नये असे मला मनापासून वाटते.

यापुढचा मार्ग कागदपत्रांचा आहे. मोटाउनची प्रकाशन संस्था ‘जोबेट’ आपली गाणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवत असे, आणि छापून न आलेल्या गाण्यांचीही नोंद करता येत असे. या नोंदींचे जुने सूचीखंड आता डिजिटल स्वरूपात पाहता येतात. नोंदीत गाण्याचे नाव, गीतकार-संगीतकार आणि तारीख मिळते, गायकाचे नाव मिळत नाही. तरीही त्या वर्षी या संचासाठी कोण गाणी रचत होते ते ठाऊक असल्यास अंदाज बांधता येतो: १९६६ पर्यंत मुख्यत्वे स्मोकी रॉबिन्सन, आणि त्यानंतर नॉर्मन व्हिटफिल्ड.

एखादे अनोळखी मुद्रण हाती आल्यावर त्याचा काळ ठरवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन कान हेच आहे. एल्ब्रिज ब्रायंट १९६३ अखेरपर्यंत संचात होते, रफिन जानेवारी १९६४ मध्ये आले आणि १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या जागी डेनिस एडवर्ड्स आले. केंड्रिक्स यांचा उंच, तलम आवाज १९७१ पर्यंत सतत असल्याने केवळ त्यावरून काळ ठरत नाही. रफिन आणि एडवर्ड्स दोघांचेही आवाज खरखरीत असल्यामुळे येथे नवखा श्रोता हमखास चुकतो. रफिन यांचा आवाज चढताना जणू फाटतो आणि त्यात विनवणी असते, तर एडवर्ड्स यांचा आवाज अधिक रुंद असून चर्चमधील गायनाच्या जोशात पुढे रेटत जातो. मात्र वाद्यसंगीत आणि गायन वेगवेगळ्या दिवशी मुद्रित होत असल्याने आवाजावरून कळतो तो गायनाचा काळ, वाद्यांचा नव्हे.

मूळ तबकडी मिळाल्यास शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदी लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा तिरप्या उजेडात धरून पाहावा. तेथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीच्या त्या बाजूचा ओळख-क्रमांक, सूचीतील क्रमांकाशी ताडून घ्यावा. मिशिगनमधील ओवोसो येथील ‘अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग’ या कारखान्यातून निघालेल्या प्रतींवर एआरपी ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली आढळतात. क्रमांकाच्या शेवटचे अक्षर किंवा आकडा वेगळा असला म्हणून गाणे वेगळे असेलच असे नाही, बहुधा ती त्याच मुद्रणाची नव्याने कापलेली प्रत असते. दोन्ही प्रती एकापाठोपाठ ऐकून गायनात खरोखर फरक आहे का हे तपासल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. हीच काळजी मोनो एकेरी तबकडी आणि स्टिरिओ अल्बम यांची तुलना करतानाही घ्यावी.

इंटरनेटवर ‘अप्रकाशित’ म्हणून फिरणाऱ्या फायलींबाबत विशेष सावध राहावे. जुन्या मल्टिट्रॅकवरून (आवाज आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित केलेल्या टेपवरून) घरी केलेले मिश्रण, माजी सदस्यांनी नंतर छोट्या लेबलांसाठी पुन्हा गायलेली जुनी गाणी आणि आता संगणकाने घडवलेले आवाज हे सर्व त्या नावाखाली खपवले जातात. मुद्रणाची तारीख, निर्माता किंवा टेपचा क्रमांक यांपैकी काहीच सांगता येत नसेल तर पैसे देऊ नयेत.

ॲसिटेट, म्हणजे गाणे ऐकून पाहण्यासाठी थेट कापलेली नमुन्याची तबकडी, हाती लागली तर ती वाजवून पाहण्याची घाई करू नये. अॅल्युमिनियमच्या चकतीवरील तिचा लॅकरचा थर मऊ असतो आणि सुईच्या प्रत्येक फेरीत झिजतो, म्हणून जुन्या तबकड्या हाताळणाऱ्या जाणकाराकडून ती स्वच्छ करून घेऊन पहिल्याच वादनात तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. चकती आपल्या मालकीची झाली तरी तिच्यावरील मुद्रणाचे हक्क आपल्याकडे येत नाहीत, आणि ती प्रत प्रसिद्ध करायची असल्यास हक्कधारक कंपनीची लेखी परवानगी लागते.