‘सँक्शन’चा अर्थ कसा ओळखावा

‘कर्ज सँक्शन झाले’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यामुळेच बातमीत एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्याचे वाचले की मंजुरी लादली कशी, असा प्रश्न पडतो. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ पवित्र किंवा बंधनकारक ठरवणे असा आहे. कायदा पक्का करणे आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा ठरवणे या दोन्ही कल्पना त्यातूनच निघाल्या, म्हणून आज एकच शब्द ‘मंजुरी’ आणि ‘निर्बंध’ असे परस्परविरुद्ध अर्थ वाहतो.

अर्थ लावताना आधी वचन पाहावे. नाम अनेकवचनी असून पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आले, तर ते बहुधा निर्बंधच असतात. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दक्षिण ऱ्होडेशियावर (आजच्या झिंबाब्वेवर) लादले, तसे.

क्रियापद असेल तर कर्म तपासावे. कर्ज, रजा, निधी यांना मंजुरी मिळते. व्यक्ती, कंपनी किंवा देश कर्म असेल, तर निर्बंध समजावेत. ‘सँक्शन्ड स्ट्रेंग्थ’ म्हणजे मंजूर पदसंख्या. तिचे ‘मंजूर ताकद’ असे भाषांतर मुळीच करू नये.

कायद्याच्या मजकुरात मात्र विशेष सावध राहावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १९ मधील ‘सँक्शन’ म्हणजे लोकसेवकावर खटला चालवण्यास लागणारी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी होय, त्याला झालेली शिक्षा नव्हे.