जबड्याखाली सूज आली तर: लाळग्रंथी आणि तोंडाचे नेहमीचे विकार

गालावर किंवा जबड्याखाली सूज दिसली की बहुतेक जण आधी दाढेवर संशय घेतात. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु सूज कधी येते आणि किती वेळ टिकते, एवढे दोन दिवस नीट पाहिले तरी बराच उलगडा होतो. जेवायला बसल्यावर, विशेषतः लोणच्याची फोड तोंडात घालताच जबड्याखाली कळ येऊन गोळा फुगत असेल आणि तासा-दोन तासांत ओसरत असेल, तर लाळेच्या नळीत खडा अडकल्याची शक्यता मोठी असते. असे खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिची लाळ दाट असते आणि तिच्या लांब नळीतून ती खालून वर चढून जिभेखाली, पुढच्या दातांमागे उतरते.

खडा लहान असेल तर घरचे उपाय करून पाहावेत. दिवसभर भरपूर पाणी प्यावे, ग्रंथीवर कोमट फडक्याने शेकावे आणि लिंबाची फोड किंवा आवळा चोखून लाळ सुटू लागली की जबड्याच्या कोपऱ्याकडून हनुवटीकडे बोटांनी हलके चोळत यावे. खडा बोटाला लागला, तरी सुईने किंवा चिमट्याने तो काढायला जाऊ नये. ताप आला, जिभेखालून पू येऊ लागला किंवा सूज उतरेनाशी झाली, तर प्रतिजैविके लागू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे जावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

मुलाला ताप येऊन कानाच्या पाळीखाली, बहुधा दोन्ही बाजूंना, दिवसभर टिकणारी सूज आली तर ते गालगुंड असू शकते. येथे लिंबू देऊ नये, कारण आंबटाने दुखणे वाढते. हा विषाणूचा आजार असल्याने प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही; पॅरासिटामॉल, पातळ आहार आणि विश्रांती पुरते. लहान मुलांना ॲस्पिरिन मात्र मुळीच देऊ नये. सूज आल्यापासून 5 दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. डोके फार दुखून मान ताठरली किंवा वयात आलेल्या मुलाचे वृषण सुजले, तर थांबू नये. सरकारी लसीकरणातील गोवर-रुबेला लशीत गालगुंडाची लस नसते. ती गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआर लशीत असते, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

तोंड येणे हे त्या मानाने साधे दुखणे आहे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या आणि तिखट टाळले, तर लहान फोड साधारण 7 ते 14 दिवसांत भरतात. वारंवार तोंड येत असेल, तर लोह, फॉलिक ॲसिड आणि ब 12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे, आणि एखाद्या दाताची धार जिभेला घासते का, तेही पाहावे.

तीन आठवड्यांनंतरही न भरणारा व्रण मात्र, दुखत नसला तरी, दंतवैद्याला दाखवलाच पाहिजे. पुसून न निघणारा पांढरा चट्टाही तसाच. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याने आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील किंवा तिखट घास पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असेल, तर गालाची आतली त्वचा आक्रसू लागली असण्याचा संभव आहे. हा विकार कर्करोगाकडे वळू शकतो आणि गेलेली लवचिकता सहसा पूर्ण परत येत नाही, म्हणून सुपारी त्याच दिवशी सोडून तपासणी करून घ्यावी.